घरचें आरोग्य : रिपोर्टाचा शेवटचा रकाना

रक्ताची परीक्षा करावी, तिचा कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा, त्यांनीं तो चष्म्याआडून पाहून ‘हूं’ म्हणावें आणि औषध लिहून द्यावें, ही रीत आतां मागें पडली. आतां रिपोर्ट डॉक्टरांच्या आधीं घरांत येतो. तो देखील कागदावर नव्हे, तर थोरल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाईलवर, सायंकाळच्या चहाच्या सुमारास. मग बैठकीच्या खोलींत त्याचें जाहीर वाचन होतें. ज्यास जें समजतें तें तो बोलतो, आणि अखेर सर्वांचे डोळे एकाच ठिकाणीं येऊन थांबतात : ज्या आंकड्यापुढें तारका आहे अथवा जो ठळक छापला आहे, त्या आंकड्यावर. तारका दिसली कीं घर घाबरतें. तारका नसली कीं घर निर्धास्त होतें. आमच्या मतें दोन्ही गोष्टी सारख्याच उतावळेपणाच्या आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षां अधिक घातक आहे.

शिरूर व दौंड या बाजूच्या वाचकांकडून अलीकडे आम्हांस जीं पत्रें आलीं, त्यांतील बहुतेकांचा रोख या तारकेवरच आहे. एक गृहस्थ विचारतात कीं, अमुक एक आंकडा मर्यादेपेक्षां ०.२ नें अधिक आला आहे, तर भय आहे काय? दुसरे लिहितात कीं, शिरूरच्या रिपोर्टांत एक मर्यादा छापलेली आहे आणि पुण्याच्या रिपोर्टांत निराळी. तर त्यांतील खरी कोणती? या पत्रांत एका भगिनींचें पत्र निराळें आहे. त्या लिहितात, "माझे सर्व आंकडे मर्यादेंत आहेत. तेव्हां आतां डॉक्टरांकडे जाण्याचें कारण उरलें नाहीं, असें घरांत सर्वांचें म्हणणें पडतें. पण मला जिना चढवत नाहीं." या पत्रास उत्तर द्यावयाचें तर आधीं ती मर्यादा म्हणजे काय, ती कोणी व कशी ठरविली, हें सांगितलें पाहिजे, म्हणून आजचा लेख त्या विषयाला वाहिला आहे.

रिपोर्टाला बहुधा चार रकाने असतात : परीक्षेचें नांव, आपला आंकडा, त्याचें माप, आणि अखेरीस ‘अमुकपासून अमुकपर्यंत’ अशी मर्यादा. या शेवटच्या रकान्यास पूर्वीं सर्रास ‘नॉर्मल’ म्हणत. त्या शब्दानें फार घोटाळा केला. कारण मर्यादेच्या आंत तो निरोगी आणि बाहेर तो रोगी, असा अर्थ त्यांतून आपोआप निघूं लागला. १९६९ सालीं फिनलंडमधील ग्रॅसबेक व सॅरिस या शास्त्रज्ञांनीं त्याऐवजीं ‘संदर्भमूल्यें’ हा शब्द सुचविला. नांवापलीकडे या बदलांत एक प्रांजळ कबुली होती. हा आंकडा आरोग्याची वेस नव्हे. ताडून पाहण्याकरितां हाताशीं ठेवलेलें तें एक माप आहे, एवढेंच त्या शब्दानें सुचविलें.

तें माप कसें तयार होतें तें पाहा. निरोगी दिसणारीं निदान १२० माणसें निवडतात. प्रत्येकाचें रक्त तपासतात आणि आलेले आंकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें मांडतात. मग खालच्या टोकाचे अडीच टक्के व वरच्या टोकाचे अडीच टक्के, म्हणजे १२० माणसांपैकीं दोन्हीकडचीं तीन-तीन, बाजूस सारतात. उरलेल्या मधल्या ९५ टक्क्यांचा जो विस्तार, तोच रिपोर्टाचा शेवटचा रकाना. बाजूस सारलेलीं तीं सहा माणसें रोगी होतीं काय? मुळींच नाहीं. तीं निरोगी म्हणूनच निवडलीं होतीं. मर्यादा आंखण्याच्या पद्धतीनेंच दर वीस निरोगी माणसांत एक बाहेर पडतो. यांत निसर्गाचा कांहीं संबंध नाहीं. हा माणसांनीं केलेला संकेत आहे.

आतां या संकेताचा व्यवहारांत काय परिणाम होतो? हल्लीं ‘संपूर्ण शरीरतपासणी’ म्हणून एकाच सुईंत वीस, चाळीस, साठ परीक्षा करून देण्याची चाल पडली आहे. कारखान्यांत होते, सोसायटींत होते, वाढदिवसाची भेट म्हणूनहि होते! एक परीक्षा मर्यादेंत येण्याचा संभव शंभरांत ९५. वीस परीक्षा केल्या आणि त्या परस्परांशीं निगडित नाहींत असें धरलें, तर वीसच्या वीस मर्यादेंत येण्याचा संभव शंभरांत अवघा ३६ उरतो. म्हणजे शंभर धडधाकट माणसांपैकीं ६४ जणांच्या रिपोर्टावर निदान एक तारका झळकणार. ०.२ नें अधिक आलेल्या त्या गृहस्थांस आमचें उत्तर यांतच आहे. जी परीक्षा कोणत्याहि लक्षणावांचून, केवळ गठ्ठ्यांत आली म्हणून झाली, तिच्यांतील काठावरची एकटी तारका बहुधा संकेतानें उमटवलेली असते. डॉक्टरांस ती दाखवावी, त्यांनीं सांगितल्यास कांहीं आठवड्यांनीं तीच परीक्षा पुन्हा करावी, आणि मधल्या काळांत झोप उडवून घेऊं नये.

परंतु सर्वच आंकड्यांस हा न्याय लावूं नका. त्याच रकान्यांत दुसऱ्या प्रकारचे आंकडे शेजारीं बसलेले असतात, आणि ते कोणते हें रिपोर्ट सहसा सांगत नाहीं. उपाशीपोटींची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक भरली म्हणजे मधुमेह समजतात. ही रेषा मधल्या ९५ टक्क्यांवरून आंखलेली नव्हे. किती साखरेपासून डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर इजा दिसूं लागते, हें पाहून ती आंखली. १९९७ सालीं अमेरिकेंतील मधुमेह-संघटनेनें ती १४० वरून १२६ वर आणली. कोलेस्टेरॉलची रेषाहि अशीच पुढील धोका पाहून ठरलेली. या आंकड्यांपुढें ‘शंभरांत पांच निरोगी बाहेर पडतातच’ असें म्हणून हात झटकणें धोक्याचें आहे. ज्या देशांत लोकांचें कोलेस्टेरॉल सरसकट वाढलेलें आहे, तेथें मधले ९५ टक्के घेतले तर धोक्यांतील माणसेंहि आंत येतील. बहुसंख्यांस जें आहे तें हितकर आहे, असें त्यावरून ठरत नाहीं.

एकशें वीस माणसांचा उल्लेख वर आला. तीं माणसें कोठलीं? बहुतेक लॅबोरेटऱ्या स्वतः अशी मोजणी करीत नाहींत. तें खर्चाचें व कटकटीचें काम आहे. यंत्र किंवा रसायन बनविणारी कंपनी आपल्या माहितीपत्रकांत जी मर्यादा देते, तीच त्या उचलतात. कंपनी जर्मन, अमेरिकन, जपानी. माणसेंहि बहुधा तिकडचीं. स्थानिक वीस निरोगी माणसांवर ती मर्यादा ताडून पाहावी आणि वीसांपैकीं दोनांहून अधिक बाहेर पडलीं नाहींत तर ती स्वीकारावी, अशी सोपी वाट आंतरराष्ट्रीय नियमांनीं ठेवली आहे. दोन लॅबोरेटऱ्यांचीं यंत्रें निराळीं, रसायनें निराळीं, म्हणून मर्यादाहि निराळ्या. शिरूरची खोटी आणि पुण्याची खरी असें त्यांत नाहीं. एका यंत्राचा आंकडा दुसऱ्याच्या मर्यादेशीं ताडून पाहिला, तरच तो खोटा.

मग कोणी म्हणेल, आपणच आपल्या लोकांचीं माणसें घेऊन आपली मर्यादा कां ठरवूं नये? विचार रास्त आहे, आणि कित्येक परीक्षांच्या बाबतींत तसें व्हावयासहि पाहिजे. परंतु त्यांतहि एक मोठी खोंच आहे, आणि ती खोंच जगापुढें स्पष्टपणें आली ती आपल्याच पुणें जिल्ह्यांतून. म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर सांगतों.

शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक हें गांव छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. त्याच गांवीं पुण्याच्या केईएम रुग्णालयाचें ग्रामीण आरोग्याचें केंद्र आहे, आणि २००२ सालापासून आसपासच्या २२ गांवांतील जन्म, मृत्यु व स्थलांतर यांची पद्धतशीर नोंद तेथें ठेवली जाते. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानें १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्या काय खातात, किती कष्टतात, त्यांच्या रक्तांत काय सांपडतें, आणि त्यांचीं मुलें पुढें कशीं वाढतात, हें वर्षानुवर्षें पाहावयाचें असा तो संकल्प होता. आणि तीं मुलें आतां जाणतीं होऊन त्यांचींहि मुलें होण्याची वेळ आली, तरी तें काम चाललेंच आहे. इतकी चिकाटी आपल्याकडे विरळा.

या मातांच्या रक्तांत बी-१२ जीवनसत्त्व तपासलें तेव्हां दोन-तृतीयांश जणींचें मान १५० पिकोमोलच्या खालीं आढळलें. आपल्या रिपोर्टांतील मापानें सांगावयाचें तर सुमारें २०० पिकोग्रॅमच्या खालीं. उलट, पालेभाज्यांतून मिळणारें फॉलेट जिच्या लाल पेशींत कमी होतें, अशी माता अवघी एक निघाली. पुढें २००६ सालीं त्याच पथकानें पुण्याच्या आसमंतांतील ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत खेड्यांतले होते, झोपडपट्टींतले होते आणि शहरी मध्यमवर्गांतलेहि होते. एकंदर ६७ टक्क्यांचें बी-१२ कमी भरलें. सर्वांत वाईट स्थिति कोणाची असावी, असें वाचकांस वाटतें? झोपडपट्टीची नव्हे. शहरी मध्यमवर्गाची, तेथें हें प्रमाण ८१ टक्के होतें. म्हणजे आपलीं, हें मासिक वाचणारीं घरें.

आतां ती खोंच ध्यानांत येईल. समजा, आपण शिरूर तालुक्यांतून किंवा पुण्याच्या पेठांतून निरोगी दिसणारीं १२० माणसें घेतलीं, त्यांचें बी-१२ मोजलें आणि मधले ९५ टक्के काढून मोठ्या अभिमानानें ‘आमची स्वतःची मर्यादा’ छापली. त्या मर्यादेची खालची रेषा इतकी खालीं उतरेल कीं ज्यांस खरोखर उणीव आहे ते बहुतेक सारे तिच्या आंत सुखानें बसतील! कोणाच्याहि आंकड्यापुढें तारका राहणार नाहीं आणि उणीव मात्र तशीच राहील. परक्या माणसांवरून ठरविलेली मर्यादा आपणांस विनाकारण रोगी ठरवूं शकते, हें जितकें खरें, तितकेंच आपल्या माणसांवरून ठरविलेली मर्यादा आपल्या सार्वत्रिक उणीवेवर पांघरूण घालूं शकते, हेंहि खरें. म्हणून ‘ही मर्यादा कोणाची?’ एवढें विचारून भागत नाहीं. ‘तीं माणसें खरोखर चांगलीं होतीं काय?’ हेंहि विचारावें लागतें.

या उणीवेचें कारण आपल्या स्वयंपाकघरांत आहे. बी-१२ वनस्पतींत तयार होत नाहीं. तें सूक्ष्म जंतु तयार करतात आणि तें प्राण्यांच्या शरीरांतून आपणांकडे येतें. शाकाहारी माणसास त्याची मुख्य वाट म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. तुपांत तें जवळजवळ नसतेंच, मग वरणभातावर कितीहि वाढा. आंबविलेल्या पिठावर किंवा मोडाच्या कडधान्यांवर भिस्त ठेवणें व्यर्थ आहे. त्यांचे गुण निराळे. आणि दूध घरांत येतें म्हणजे सर्वांच्या पोटांत जातें असें थोडेंच आहे? तें मुलांस जातें, पुरुषांच्या पेल्यांत जातें, आल्यागेल्याच्या चहांत जातें. सुनेच्या वांट्यास चहापुरतें येतें, आणि सासूबाईंच्या वांट्यास उपासाच्या दिवशीं. ही वांटणी कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. पण रक्तास हेतु कळत नाहीं, प्रमाण कळतें.

याचा परिणाम केवळ मातेपुरता राहत नाहीं. २००८ सालीं या पथकानें दाखविलें कीं, गर्भारपणीं ज्या मातांचें बी-१२ कमी आणि फॉलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीं शरीरांतील इन्सुलिनचें काम अडखळण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक दिसली. पुढील मधुमेहाची ही एक पायरी समजतात. यावरून कोणीहि गर्भारपणींची फॉलिक ॲसिडची गोळी बंद करूं नये. ती अर्भकाच्या मज्जारज्जूच्या घडणीकरितां आवश्यकच आहे. शिकावयाचें तें एवढेंच कीं, तिच्या जोडीला बी-१२ पुरेसें आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांस विचारावें. अभ्यासांतील त्या मुलांपैकीं कित्येकांस, तीं वयांत येत असतांना, म्हणजे मुलें होण्याच्या पुष्कळ आधीं, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ सालीं सुरू झाला. मात्रा काय, तर रोज दोन मायक्रोग्रॅम. बोटावर घेतली तर दिसणारहि नाहीं इतकी.

याज्ञिकांचें नांव आलें म्हणून एक विनोदी पण अर्थपूर्ण गोष्ट सांगून टाकतों. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचें शेजारीं शेजारीं उभें राहिलेलें छायाचित्र छापून आलें. दोघांचा उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा एकच, २२.३, दोघेहि मर्यादेंत. पण शरीरांतील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! एकच आंकडा, एकच मर्यादा आणि आंतील माणूस निराळा.

आतां जिना न चढवणाऱ्या भगिनींच्या पत्राकडे वळूं. त्यांनीं आपले आंकडे सोबत पाठविले आहेत. हिमोग्लोबिन १२.१, मर्यादा १२ पासून. म्हणजे उंबऱ्याच्या आंत एक पाऊल. लाल पेशींचें सरासरी आकारमान, ज्यास रिपोर्टांत एमसीव्ही म्हणतात, तें ८८. मर्यादा ८० ते १००, म्हणजे अगदीं मधोमध. घरच्या मंडळींनीं त्यावरून समाधान मानलें. वाचकांस हें ठाऊक असावें कीं, लोहाची उणीव लाल पेशींस लहान करते आणि बी-१२ ची उणीव त्यांस मोठें करते. दोन्ही उणिवा एकाच वेळीं असल्या, आणि शाकाहारी स्त्रियांत त्या पुष्कळदां एकत्र नांदतात, तर कांहीं पेशी लहान, कांहीं मोठ्या, आणि त्यांची सरासरी मात्र सुरेख मधोमध! एका पायाला फोड आणि दुसऱ्याला भेग असतां दोन्ही पायांची सरासरी चांगली आहे, असें म्हणण्यासारखें तें होईल. अशा वेळीं पेशींच्या आकारांतील तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू नांवाचा आंकडा पाहावा. भगिनींच्या रिपोर्टांत तो वरच्या रेषेस टेकलेला आहे. लोहाचा सांठा सांगणारें फेरिटिन आणि बी-१२ या परीक्षा त्यांच्या रिपोर्टांत नाहींतच. जी परीक्षा झालीच नाहीं, तिच्यापुढें तारका कोठून येणार?

त्यांस नेमकें काय झालें आहे, हें आम्ही पत्रावरून सांगूं शकत नाहीं आणि सांगूं नये. जिना चढतां न येण्याचें कारण रक्तांत असेल, थायरॉईडमध्यें असेल, हृदयांत किंवा फुफ्फुसांतहि असेल. म्हणूनच त्यांनीं डॉक्टरांकडे जावें, आणि ‘सर्व मर्यादेंत आहे’ हें वाक्य घरीं ठेवून ‘मला जिना चढवत नाहीं’ हें वाक्य बरोबर न्यावें. घरांतील वडील मंडळींसहि आमची विनंति आहे. "बायकांचें हिमोग्लोबिन इतकेंच असतें" हें आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलों. इतकेंच असतें हें कदाचित् खरें असेल. इतकेंच असावें हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां दुसऱ्या टोकाची एक गोष्ट, जी पावसाळ्यांत भीमेच्या व घोडनदीच्या कांठीं घरोघरीं ऐकूं येते : "टायफॉइड निघाला." चार दिवस ताप आला, रक्त तपासलें, विडाल परीक्षा ‘पॉझिटिव्ह’ आली, आणि दहा दिवसांचीं औषधें सुरू झालीं. ही परीक्षा १८९६ सालीं फ्रान्सच्या विडाल यांनीं प्रचारांत आणली. तींत जंतु पाहत नाहींत. जंतूंविरुद्ध शरीरानें तयार केलेलीं प्रतिद्रव्यें पाहतात. रक्तद्रव पातळ करीत जावयाचा आणि कितव्या पातळीपर्यंत परिणाम दिसतो तें लिहावयाचें. १:८०, १:१६० हे आंकडे ते. पण जेथें टायफॉइड गांवांत कायमच वावरतो, तेथें अनेक धडधाकट माणसांच्या रक्तांत मागच्या संसर्गामुळें किंवा लसीमुळें हीं प्रतिद्रव्यें आधींच असतात. त्या माणसास साधा थंडीताप आला आणि त्याच दिवशीं विडाल केली, तरी ती ‘पॉझिटिव्ह’ दिसूं शकते. येथें मात्र स्थानिक मर्यादेवांचून गत्यंतर नाहीं : या गांवांतल्या तापरहित माणसांत किती पातळी सामान्यतः आढळते, हें ठाऊक असल्याखेरीज एकट्या आंकड्यास अर्थ नाहीं. दहा-चौदा दिवसांच्या अंतरानें दोन नमुने घेऊन पातळी चौपट वाढली तर ती पुराव्यास अधिक बळकट. परंतु इतके दिवस कोण थांबतो? त्यापेक्षां प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वींच रक्तांतील जंतु वाढवून पाहण्याची परीक्षा, म्हणजे कल्चर, करतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारावें. वर्षांतून तीनदां टायफॉइड झालेलीं माणसें आम्हांस भेटतात. त्यांतील निदान दोन टायफॉइड कागदावरचे असावेत असा आम्हांस दाट संशय आहे.

तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्यांस आणखी एका बाबतींत सावध राहिलें पाहिजे. शिरूरला किंवा दौंडला रक्त घेतलें जातें, परंतु कित्येक परीक्षांकरितां तें पुण्यास जातें. तो साठ-सत्तर किलोमीटरांचा किंवा त्याहून थोडा अधिक प्रवास रक्तहि करतें, आणि प्रवासांत तें बदलतें. नळींतील पेशी जिवंत असतात. त्या साखर खात राहतात. साध्या नळींत, खोलीच्या उष्णतेंत, साखर दर तासास सुमारें पांच ते सात टक्क्यांनीं उतरते. सकाळीं सातला घेतलेल्या रक्तांत खरी साखर १३० असली आणि तें तीन तास तसेंच राहिलें, तर यंत्र १०८ च्या सुमारास आंकडा दाखवील. मधुमेह वाटेंतच नाहींसा झाला! म्हणून साखरेकरितां फ्लोराइड घातलेली, करड्या टोपणाची नळी वापरतात. तिनेंहि पहिल्या तासाभराची घट पुरती थांबत नाहीं, तरी पुढील नुकसान टळतें. पोटॅशियमचें याच्या उलट : तें पेशींतून पाझरून रक्तद्रवांत वाढतें, आणि मूत्रपिंडाचा कांहीं दोष नसतां घरांत घबराट उडते. रक्त देतांना मूठ वारंवार आवळली तरीहि तें वाढतें. त्यामुळें रक्त घेणाऱ्या मुलास दोन प्रश्न अवश्य विचारावे : रक्तद्रव येथेंच वेगळा करून पाठवितां काय, आणि नमुना किती वाजतां यंत्रावर चढेल? साखर, पोटॅशियम यांसारख्या परीक्षा शक्यतों गांवांतल्या गांवांत कराव्या. चैत्र-वैशाखांत तर नक्कीच.

वयाचा विचारहि घरोघरीं राहून जातो. तेरा वर्षांच्या, झपाट्यानें उंच होणाऱ्या मुलाचें अल्कलाइन फॉस्फेटेज प्रौढांच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असूं शकतें. तें वाढत्या हाडांतून येतें, यकृताशीं त्याचा संबंध नाहीं. रिपोर्ट प्रौढांच्या मर्यादेनें छापला तर तारका पडते आणि मुलाचें तूप बंद होतें! गर्भार स्त्रीचें हिमोग्लोबिन रक्तद्रव वाढल्यामुळें थोडें उतरतें. तिच्याकरितां रेषा ११ वर धरतात. तिची थायरॉईडची मर्यादाहि निराळी असते.

आणि वृद्धांच्या बाबतींत तर आमचें स्पष्ट मत आहे कीं, छापील मर्यादेपेक्षां त्यांचा स्वतःचा जुना आंकडा हीच खरी मर्यादा. सत्तरीच्या आजींचें क्रिॲटिनिन मागील वर्षीं ०.६ होतें आणि यंदा १.१ आलें, असें समजा. बऱ्याच रिपोर्टांत हे दोन्ही आंकडे मर्यादेंत बसतात, तारका नाहीं. परंतु वय व लिंग धरून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या शक्तीचा हिशेब केला, तर ती सुमारें ९६ वरून ५४ वर आली असें निघतें. एका वर्षांत जवळजवळ निम्मी शक्ति गेली आणि रिपोर्ट गप्प! गुडघ्यांकरितां घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, उन्हाळ्यांतील पाण्याची टंचाई, वाढलेला रक्तदाब, कारण कोणतेंहि असो, तें वेळेवर सांपडलें तर पुष्कळदां सांवरतां येतें. तें सांपडावयाचें कसें? जुना कागद जपून ठेवला असेल तरच.

जुन्या कागदांविषयीं बोलतांना परदेशीं असलेल्या मुलांचाहि विचार करावा. विलायतेंतून मुलगा कळवितो, "साखर ५.६ आहे," आणि इकडे आई देव पाण्यांत घालून बसते. तें माप निराळें आहे. १८ नें गुणावें म्हणजे आपली १०१ होते. क्रिॲटिनिन ८८ आलें म्हणून फोन आला तर त्यास ८८.४ नें भागावें. तें आपलें एकच.

घरांतील प्रत्येक माणसाच्या नांवें एक फाईल करावी. तींत रिपोर्ट तारखेच्या क्रमानें लावावे, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनें चार गोष्टी टिपाव्या : रक्त किती वाजतां घेतलें, उपाशीपोटीं होतें काय, त्या दिवसांत कोणतीं औषधें चालूं होतीं, आणि परीक्षा कोणत्या लॅबोरेटरींत झाली. शक्य तों लॅबोरेटरी बदलूं नये. बी-१२ ची गोळी चालूं असेल तर तेंहि लिहावें, नाहीं तर पुढील डॉक्टर वाढलेला आंकडा पाहून उगाच विचारांत पडतात. आमच्या ओळखीच्या एका एकत्र कुटुंबांत अकरा माणसांच्या अकरा फायली आहेत. मात्र त्यांतील सर्वांत जाड फाईल आजोबांची आणि सर्वांत पातळ धाकट्या सुनेची. तिचें रक्त शेवटचें तपासलें तें बाळंतपणांत.

थायरॉईडच्या परीक्षेविषयीं आलेल्या पत्रांचीं उत्तरें पुढील अंकीं देऊं. ज्यांस आपले आंकडे पाठवावयाचे असतील त्यांनीं ते मर्यादेच्या रकान्यासह पाठवावे, आणि सोबत आपणांस काय होतें आहे, हेंहि चार ओळींत लिहावें.